थांबण्याचा इतिहास : मागचे ब्रेक का धरून बसतात?



यंत्रे आणि माणसे या विषयावर आपण गेले काही महिने बोलतो आहोत. आजचा विषय सांगितला तेव्हा दोन-तीन श्रोत्यांनी विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटारीच्या ब्रेकवर काय बोलावे? प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाची पुस्तके उघडून बघा. वाफेचे इंजिन कोणी केले, मोटार किती वेगाने धावली, विमान किती उंच गेले, हे सगळे सापडते. ती थांबली कशी, हे मात्र तळटीपेतसुद्धा क्वचितच असते. माणसाने वेग मिळवला तो थांबता येईल या भरवशावर. म्हणून आज आपण थांबण्याचा इतिहास बघू. आणि त्यातही एक बारीक गोष्ट बघू : ब्रेक लागला, पण सुटलाच नाही, तर काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये याला 'ब्रेक जाम झाला', 'चाक धरतंय' असे म्हणतात. 'चाक धरतंय' हा शब्द आम्हाला फार आवडतो. ब्रेकचे काम दुहेरी आहे. धरायचे आणि सोडायचे. पहिल्या कामासाठी शोधकांनी शे-सव्वाशे वर्षे डोके चालवले. दुसरे काम बहुतेक वेळा एका स्प्रिंगवर सोपवून दिले. आजच्या व्याख्यानाचे सूत्र हेच आहे.

बैलगाडीपासून

परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट मुलूख. जिंतूरकडे डोंगर लागतात, गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा दिसतात, बाकी चढउतार थोडे. इथल्या बैलगाडीला थांबवायला वेगळे यंत्र फारसे लागत नसे. उतार आला की बैल जू मानेवर घेऊन मागे रेटा देत, आणि गाडी उभी करायची तर चाकाला दगड लावत. ब्रेक म्हणजे बैलच. तो धरायचा आणि सोडायचाही, कारण तो जिवंत होता. आसाला वंगण लागे, त्यासाठी एरंडेल वापरत. हे एरंडेल लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

यंत्राला बैलाची समज नसते. वाफेच्या गाड्या आल्या आणि थांबण्याचा प्रश्न एकदम जिवावर आला. पहिल्या रेल्वेगाड्यांत डब्याडब्यावर माणसे हाताने ब्रेक फिरवत. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात एक खोट होती. नळी फुटली की दाब गेला, आणि दाब गेला की ब्रेकच गेला. मग १८७२ च्या सुमारास त्यांनी रचना उलटी केली. नळीतला दाब ब्रेक 'सुटलेला' ठेवतो. दाब गेला की ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे बिघाड झालाच तर गाडी थांबण्याच्या बाजूने व्हावा. ही साधी कल्पना पटायलाही रक्त सांडावे लागले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे डबे चढावर सुटून मागे घसरले आणि सुमारे ८० माणसे गेली. त्यात मुले बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने प्रवासी गाड्यांना असे आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आपल्या भागात हैदराबाद–मनमाड ही मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास आली. त्या गाड्यांना निर्वात नळीचा, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक असे. तत्त्व तेच. नळीत निर्वात आहे तोवर चाके मोकळी, हवा शिरली की ब्रेक लागला.

पण बघा, या सुरक्षित रचनेतून एक नवे दुखणे जन्माला आले. जो ब्रेक बिघडल्यावर लागतो, तो नको तेव्हाही लागून राहू शकतो. रेल्वेत याला 'ब्रेक बाइंडिंग' म्हणतात. गाडी न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा स्टेशनचा माणूस झेंडा घेऊन उभा असतो. तो नुसता सलाम करायला उभा नसतो. कुठल्या चाकातून धूर, ठिणगी, जळका वास येतोय का, हे तो बघत असतो. निदान करणारे डोळे रेल्वेने नियमातच बसवले.

त्याचे महत्त्व अलीकडेच कळले. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, लखनऊहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. गाडी थांबली, लोक उतरून शेजारच्या रुळावर गेले, आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसे मेली. एका डब्याच्या चाकांजवळ ठिणग्या दिसल्या असाव्यात, आणि त्याचे कारण तापलेला आस किंवा धरून बसलेला ब्रेक असावा, असे रेल्वे अधिकाऱ्यांनी प्राथमिक माहितीत सांगितले. आग नव्हतीच. चाक धरले की ठिणगी दिसते, एवढे ज्ञान डब्यात कोणाला असते तर? या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो विचारला पाहिजे.

जगात जर्मनी

आता मोटारीकडे येऊ. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण कौतुकाने आणि थोड्या थट्टेनेही म्हणतो. ब्रेकच्या इतिहासात ती भलतीच लागू पडते.

ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने केलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनने साफ केली. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजून गेले. बर्थाबाईंनी एका गावात चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. झिजणारा थर वेगळा असावा, म्हणजे मूळ भाग वाचतो, ही आजच्या 'लायनर'ची कल्पना अशी रस्त्यावर, गरजेतून आली. गावातला कारागीर आणि अडलेला प्रवासी या दोघांनी मिळून ती शोधली. आपल्या वसमत रस्त्यावरच्या किंवा जिंतूर रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये आजही हेच चालते.

१९०२ मध्ये फ्रान्सचे लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी भांडे, आत दोन अर्धगोल पट्ट्या. पायडल दाबले की पट्ट्या फाकतात आणि भांड्याला आतून घासतात. या पट्ट्यांना 'शू' म्हणतात. घोडागाडीच्या काळात उतारावर चाकाखाली जो लोखंडी तुकडा सरकवत, त्यालाही इंग्रजीत जोडाच म्हणत. शब्द वारशाने आला. त्याच १९०२ मध्ये इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण त्याचा खरा उपयोग व्हायला पन्नास वर्षे लागली.

पायाचा जोर चाकापर्यंत न्यायचा कसा? आधी काड्या आणि तारा होत्या. चारही चाकांवर सारखा जोर येत नसे, गाडी एका बाजूला ओढे. इथे एक तत्त्वज्ञ मदतीला आला. ब्लेझ पास्कल. ईश्वरावर पैज लावण्याच्या युक्तिवादासाठी आम्ही त्याला वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. पण द्रवाच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ, जो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, तो आज आपल्या प्रत्येकाच्या पायाखाली आहे. बंद द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. २ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ४० किलोचा जोर दिला, तर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब झाला. तोच दाब चाकाजवळच्या ३ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ६० किलोचा जोर देतो. डावे-उजवे चाक असा भेद द्रव करत नाही.

माल्कम लॉकहीड यांनी ही कल्पना मोटारीत उतरवली आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले. सुरुवातीच्या त्या द्रवात काय होते? एरंडेल आणि अल्कोहोल. बैलगाडीच्या आसातले तेल मोटारीच्या ब्रेकमध्ये जाऊन बसले. त्यालाही कारण आहे. सिलिंडरमधले वॉशर नैसर्गिक रबराचे असत. खनिज तेलाने ते फुगतात, एरंडेलाने फुगत नाहीत. आज एरंडेल गेले, ग्लायकॉलवर्गीय द्रव आला. आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नाहीच. हा नावातला घोटाळा पुढे महागात पडतो, ते सांगतोच.

आपल्याकडे ब्रेक आला

निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेचे रस्ते वाहतूक खाते सुरू झाले. २७ बस आणि १६६ कर्मचारी. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि पाठोपाठ मराठवाड्याची बससेवा राज्याच्या एस.टी.त विलीन झाली. मोटार दुरुस्तीची पहिली मोठी शाळा म्हणजे ही सरकारी बस आगारे.

म्हणून आपल्या गॅरेजची भाषा ऐका. उस्ताद, मिस्त्री, पाना, शागीर्द. दख्खनी, मराठी, हिंदी आणि मोडकी इंग्रजी एकाच वाक्यात. ही निजामी काळापासूनची मिसळण आहे. १९५० पासून सरकारी कारागीर प्रशिक्षण योजना आली, आय.टी.आय. आल्या, तरी बहुतेक मुले शिकली ती उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत.

खासगी मोटारी म्हणजे मुख्यतः दोन. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. दोन्हींना चारही चाकांना ड्रम. परवान्यांचा काळ, सुटे भाग मिळायचे नाहीत. मग मिस्त्री व्हील सिलिंडर आतून घासून पुन्हा वापरी, शूला नवे लायनर रिव्हेटने ठोकी, स्प्रिंग ताणून बघे. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली आणि हळूहळू बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क, मागे ड्रम अशी जोडी स्थिर झाली. आजही आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्या अशाच आहेत.

मागचेच ब्रेक का?

आता मुद्द्यावर. जाम होतात ते बहुधा मागचे ब्रेक. का?

पहिले कारण, हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियम दोन स्वतंत्र ब्रेकयंत्रणा मागतो, एक पायाची आणि एक उभे राहण्याची. उभे राहण्याचा ब्रेक बहुतेक गाड्यांत तारेने चालतो. ती तार नळीतून जाते, नळीचे आवरण फाटले की पाणी शिरते, गंज चढतो. हाताच्या जोराने तार ओढली जाते, पण परत सरकत नाही.

दुसरे, गाडी थांबताना वजन पुढे झुकते. खरे काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांना काम कमी, म्हणून ते तापत नाहीत, ओल उडत नाही. तिसरे, ड्रम बंद असतो. आत गेलेली धूळ आणि आपली काळी चिकट माती बाहेर येत नाही. चौथे, आपल्या गाड्या उभ्या फार राहतात. पेरणीच्या दिवसांत, पावसाळ्यात, हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे. ओले लायनर आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा प्रयोग देशभर एकाच वेळी झाला असे म्हणता येईल. आमच्या एका स्नेह्यांची गाडी लिंबाखाली मार्चपासून पोळ्यापर्यंत उभी होती. चालू केली, गिअर टाकला, मागून 'खट्' आवाज आला आणि गाडी निघाली. स्नेही खूश. सेलूपर्यंत जाईतो मागून जळका वास, आणि पायडल दाबले तर पाय पार खाली. पुढे गाव होते, वेग कमी होता, म्हणून निभावले.

इथे नीट लक्ष द्या. आजच्या विषयातली जोखीम इथे आहे. लोकांना वाटते, ब्रेक धरून बसला तर फार तर काय, गाडी जड चालेल, पेट्रोल जास्त जाईल. तसे नाही. धरलेला शू ड्रम तापवतो. ड्रमशेजारचा व्हील सिलिंडर तापतो. त्यातला द्रव उकळतो. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हा द्रव हवेतली ओल शोषतो, आणि ओल शोषलेल्या अवस्थेत हा किमान आकडा १४० अंशांवर येतो. द्रव उकळला की वाफ होते. पास्कलचा नियम द्रव दबत नाही म्हणून कामाला येतो. वाफ मात्र दबते. मग पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. सतत धरणारा ब्रेक शेवटी धरेनासा होतो. म्हणून हे दुखणे पुढे ढकलायचे नसते.

निदान : मिस्त्रीचे न्यायशास्त्र

आपल्या नैयायिकांनी अनुमानाचा आदर्श सांगितला तो डोंगरावरच्या धुराचा. धूर दिसतो, म्हणून आग आहे. चांगला मिस्त्री हेच करतो. पण त्याला पुढचा प्रश्नही सोडवायचा असतो : आग चारांपैकी कुठल्या कारणाने? त्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक लागतात. कारण असेल तिथे कार्य असते का, आणि कारण काढून घेतले की कार्य जाते का. इंग्रज तत्त्वज्ञ मिल यांनी १८४३ मध्ये फरकाची पद्धत म्हणून जे मांडले तेही याच जातीचे. आता पायरीपायरीने बघू.

गाडी सात-आठ किलोमीटर चालवून सपाट जागी थांबा. चारही चाकांजवळ तळहात न्या, लावू नका. एखादे जास्त तापले असेल तर संशयित सापडला. दोन्ही मागची तापली असतील तर कारण दोघांना समान असणार : हँडब्रेकची मूठ, पुढची मुख्य तार किंवा मास्टर सिलिंडर. एकच तापले तर कारण त्या चाकाजवळ.

मग गाडी गार होऊ द्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा, कारण हँडब्रेक आता सोडायचा आहे. गिअर मोकळा. मागची बाजू जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक हाताने फिरवा. अडते आहे ना? आता चाकामागचे निप्पल पान्याने किंचित सैल करा. थोडा द्रव उडाला आणि चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकला होता. म्हणजे दोष द्रवाच्या वाटेत.

वाटेत म्हणजे कुठे? निप्पल घट्ट करा, पायडल एकदा दाबून सोडा, चाक पुन्हा धरू द्या. आता पुढे मास्टर सिलिंडरजवळचा पाइप सैल करा. चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरचा : त्याच्या दांडीला मोकळीक नसेल किंवा द्रव परत जाण्याचे बारीक छिद्र तुंबले असेल. नाही सुटले तर दोष मधल्या रबरी नळीचा. ही नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतून फुगलेली असते. पायाचा जोर मोठा, तो द्रव ढकलतो. परत येताना स्प्रिंगचा जोर छोटा, तो ढकलू शकत नाही. नळी एकाच दिशेचे दार होते. सुरुवातीला म्हटले ना, धरायला माणसाचा सगळा जोर आणि सोडायला एक स्प्रिंग. ते हेच.

निप्पल सैल करूनही चाक सुटले नाही तर? हँडब्रेकची तार मुठीजवळ ढिली करा. चाक सुटले तर तार दोषी. तरीही नाही, तर ड्रमच्या आत बघायचे : चिकटलेले लायनर, तुटलेली स्प्रिंग, गंजलेला अॅडजस्टर किंवा अडकलेला दट्ट्या. चार प्रश्न, चार उत्तरे. एकही सुटा भाग न बदलता निदान झाले.

उपचार

ड्रम निघत नसेल तर घण घालू नका, ओतीव लोखंड तडकते. अॅडजस्टर मागे फिरवून शू आत घ्या, ड्रमच्या कडेने हलके ठोके द्या. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात, त्यांत बोल्ट सारखे-सारखे आवळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो.

ड्रम निघाला की आत काळा भुगा दिसतो. तो तोंडाने फुंकू नका, हवेच्या नळीने तर अजिबात उडवू नका. दशकानुदशके लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येतात. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पण तो खटला कारखान्यातल्या कामगारांचा होता. रस्त्याकडेला उकिडवा बसून भुगा फुंकणाऱ्या पोराला कारखाना नाही, हजेरीपुस्तक नाही. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भुगा ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका. एवढे तरी आपण करू आणि करवून घेऊ शकतो.

तार गंजली असेल तर बदला. तेल सोडून ती महिनाभर चालेल, बरी होणार नाही. सिलिंडरचा दट्ट्या अडकला असेल तर रबराचे किट किंवा अख्खा सिलिंडर. लायनर आणि स्प्रिंगा दोन्ही चाकांच्या एकदम बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. आणि आता तो नावातला घोटाळा. 'ब्रेक ऑइल' म्हणतात म्हणून कोणी त्यात इंजिनचे तेल घालते, कोणी रबर पेट्रोलने किंवा डिझेलने धुते. रबर फुगते आणि आठवड्याभरात सगळे ब्रेक धरून बसतात. रबराला फक्त ब्रेकचाच द्रव लावायचा.

शेवटी एअर काढणे. याला दोन माणसे लागतात. एक पायडलवर, एक चाकाशी. "दाब. दाब. धर." निप्पल सैल, बुडबुडे बाहेर, निप्पल घट्ट. "सोड." बहुतेक गाड्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. बुडबुडे संपले की डबी भरून घ्या, हँडब्रेक सर्वांत शेवटी जुळवा, आणि पुन्हा सात-आठ किलोमीटर चालवून चाकांजवळ तळहात न्या. निदानाची पहिली पायरीच उपचाराची शेवटची परीक्षा असते.

हे ज्ञान कोणाचे?

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'अमुक करता येणे' यांत भेद केला. आम्ही आता अर्धा तास जे सांगितले ते पहिल्या प्रकारचे. निप्पल किती सैल करायचे, ड्रमवरचा ठोका किती हलका, हे दुसऱ्या प्रकारचे. ते परभणी, मानवत, पाथरी, पूर्णा इथल्या गॅरेजमधल्या हातांत आहे. आता सुटे भाग स्वस्त झाले आणि नवी पोरे निदान न करता अख्खा संच बदलायला शिकली. गिऱ्हाइकालाही घाई असते. यात दोष एकट्या पोरांचा नाही. संच बदलण्याचे पैसे मिळतात, विचार करण्याचे मिळत नाहीत. पण रबरी नळी आतून फुगलेली असताना तुम्ही शू, ड्रम, सिलिंडर सगळे बदलले, तरी चाक धरणारच. आणि पुढच्या उतारावर ते कळणार.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या ओळखीत साठी-सत्तरीचे मिस्त्री आहेत, त्यांनी त्यांच्याशी बोलावे, फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. उस्ताद कोण होते, फियाटचे लायनर कसे ठोकत, कुठला आवाज कशाचा. मराठवाड्याच्या इतिहासात राजे आहेत, संत आहेत, मुक्तिसंग्राम आहे. ही माणसेही त्यात असावीत.

प्रश्नोत्तरांतून

एका भगिनींनी विचारले, की पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर काय करावे. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. आठवड्यातून एकदा थोडी चालवा. दर दोन वर्षांनी ब्रेकचा द्रव बदला. उतारावर मात्र हँडब्रेक लावाच, दगडासकट.

दुसरा प्रश्न होता, रस्त्यात वास आला तर? वेग कमी करा, इंजिनच्या गिअरवर गाडी उतरवा, कडेला थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकेल. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. हँडब्रेक अर्धवट राहिला होता का ते आधी बघा. पायडल मऊ लागत असेल तर गाडी पुढे नेऊ नका, मिस्त्रीला तिथे बोलवा.

पुढच्या वेळी आपण विहिरीवरच्या मोटेपासून पाण्याच्या पंपापर्यंतचा प्रवास बघू.